शंभर ग्रेन

माझ्या डाव्या हातावर केस नाहीत,
कोपरापासून मनगटापर्यंत.
गल्लीतल्या बायका विचारतात, कुठल्या पार्लरला जातीस गं?
अक्कलकोट रोड एमआयडीसी, मी सांगते, पत्र्याची तिसरी शेड.
तिथं पन्नासातलं एक पातं मी हातावर फिरवते.
केस न ओढता गळाले तर माल पास,
चरचरलं तर पुन्हा दगडावर.

या शेडमध्ये आधी धोट्याची टोकं व्हायची.
मालकांचे वडील, नरसय्या इराबत्ती,
तेलुगूत शिव्या, मराठीत हिशोब,
एकेक टोक ओठावरून फिरवून बघायचे.
जरा खरखरलं की भंगारात.
कारण धोट्याचं टोक दिवसभर हजारो दोऱ्यांमधून जातं
आणि एकही तोडत नाही.
तुटला तर विणकर जेवायच्या वेळेला दारात उभा.

मग बिनधोट्याचे माग आले.
उरलेल्या टोकांच्या गोण्या मागच्या भिंतीला लागल्या,
त्यांच्यावर मांजर दोनदा व्याली.

आता बाणाची टोकं. परदेशी ऑर्डर.
मधे दांडी, मागं आटे, भोवती तीन पाती.
वजन शंभर ग्रेन.
ग्रेन म्हणजे किती ते कुणालाच ठाऊक नव्हतं;
सराफानं काट्यावर टाकून सांगितलं,
अर्धा तोळा, वर पाच गुंजा.
आणि उगाच माझ्या गळ्याकडं बघितलं.

पहिला लॉट डावीकडं जायचा.
म्हणून आता काचेवर टोक टेकवून भोवऱ्यासारखं फिरवायचं.
उभं झोपलं तर बरोबर,
थरथरलं तर तिघींतली एक तिरकी बसलीय.

भट्टीवर शरणप्पा बिराजदार.
पोलादाचा रंग बघतो, घड्याळ नाही.
गव्हाळ आला की बाहेर. जांभळा येऊ दिलास तर
पातं हाडावर वाकतं, म्हणतो.
कुणाच्या हाडावर, ते म्हणत नाही.
मे महिन्यात बाहेर चव्वेचाळीस,
तर म्हणे, "भट्टीजवळच बरं वाटूलालंय बगा,
इथं निदान कशानं तापलंय ते तरी कळतंय."

चाचणीला मालकांच्या मुलानं चाकांचं धनुष्य आणलं.
समोर सेकंडमधल्या चादरी, आठ पदरी घड्या,
मोर, कमळ, परत मोर.
बाण गेला. मी घड्या उलगडल्या.
प्रत्येक पदरात तीन पाकळ्यांचं भोक,
कडेला एकही दोरा लोंबत नव्हता.
मुलानं टाळ्या वाजवल्या.
मी भिंतीपलीकडच्या गोण्यांकडं बघत नव्हते,
पण तेवढ्यात मांजर उतरून आली.

बोथट नको, हे मलाही पटतं.
बोथट लागलं तर जनावर मरत नाही, पळतं,
आणि कुठंतरी काट्यात तीन दिवस बसून राहतं.
म्हणून मी हातचं राखत नाही.
माझ्या हाताखालून गेलेलं कळायच्या आत लागेल.

पण दुसऱ्या लॉटबद्दल पत्र आलं होतं.
पात्यांत वजन कमी करायला भोकं ठेवली होती,
ती हवेत शीळ घालतात,
हरिण मान वर करतं, बाण पोचायच्या आधी सरकतं.
भोकं बंद करा.

माझं माहेर नान्नजकडचं.
सायकलची चेन करकरली तरी
माळावरची काळविटं अशीच मान वर करायची,
आणि मग नुसता माळ.

भोकं बंद केली. पातं पातळ केलं, वजन तेवढंच राहिलं.
ते रेखाटन मुलाचं नव्हतं, माझं होतं.
पगारात दोनशे वाढले.

दुसऱ्या लॉटमधलं एक टोक माझ्याकडं आहे.
गच्चीवर कपड्यांच्या तारेला बांधलंय.
वारा सुटला की वाजतं, बारीक.
शेजारची म्हणते, कसली गं ही कटकट, काढ ते.
काढीन.