इतर स्रोतांतून

ऑक्टोबरअखेर सुटतोय मी जलखात्यातून,
छत्तीस वर्षं सात महिन्यांनी.
अख्ख्या वर्षाच्या पगाराचं हे शेवटचं विवरणपत्र.

मुलुंडला किंजल गालाचं ऑफिस.
खाली फरसाणाचं दुकान, वर आयकर,
जिन्यात ओव्याचा वास.
काका, पगार सोडून काय काय?
मी पिशवीतून काढत जातो
पोस्टाचं पासबुक, दोन बँकांची प्रमाणपत्रं,
एका सिमेंट कंपनीचा लाभांश, रुपये एकशे बारा,
जिचे शेअर मी ब्याण्णव साली घेतले
आणि त्र्याण्णवपासून लपवतोय.
ती हसत नाही.
रकान्यात एकशे बारा लिहिते.
मला ते आवडलं.

मग स्क्रीन माझ्याकडे फिरवते. सरकारकडची यादी.
ही भांडुपची सहकारी बँक?
मुदत ठेव, व्याज अठरा हजार सातशे चाळीस.
माझी नाही, मी म्हणालो.
पॅन तुमचा आहे, ती म्हणाली.

हे वाक्य माझं आहे.
झाकण उचलून, झुरळं झटकून, काच पुसून
सोसायट्या-सोसायट्यांत मीच ते बोलत आलो.
"एवढं पाणी आम्ही वापरलंच नाही हो साहेब."
मीटर तुमचा आहे.
आणि बहुतेकदा टाकीचा बॉल अडकलेला असायचा,
रात्रभर गच्चीवरून वाहत असायचं
आणि घरात कुणाला पत्ता नाही.

शालन ब्लाउजला हुक लावत होती.
पेपरात तलावांची पातळी आलेली.
भातसा एकसष्ट टक्के, तानसा काठोकाठ.
लोक राशिभविष्य वाचतात, मी हे वाचतो.
पेपराआडून विचारलं, भांडुपला आपलं काही आहे का?
तिने दोरा दातांनी तोडला.
"आपलं नाही. माझं आहे."
मग म्हणाली,
"नाव तुमचं घालावं लागलं. तेव्हा मला कार्ड कुठं होतं?"
शिलाईचे पैसे. दोन हजार आठपासून.
साध्याला पन्नास, अस्तराला सत्तर, फॉल-पिको वेगळं.
आणि माझी सही?
"तुम्हीच केलीत. गॅसच्या फॉर्मखाली ठेवला होता.
तुम्ही वाचता कुठं?"

तेहेतीस वर्षं एकाच खोलीत झोपलो
आणि ओळख आयकर खात्याने करून दिली.

मग मीही सिमेंट सांगून टाकलं.
"किती होते?"
नऊ हजार.
पंखा फिरत राहिला.
"वाटलंच होतं.
त्या दिवाळीला पाय दुखतो म्हणून बाजारात आला नव्हता तुम्ही.
दुसऱ्या दिवशी चक्कीपर्यंत धावत गेलात."

शनिवारी तीही आली. कठडा धरून जिना चढली.
किंजलने तीन पर्याय वाचून दाखवले,
माहिती बरोबर आहे, माहिती माझी नाही,
माहिती दुसऱ्या कुणाची आहे.
आम्ही दोघं तिसऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघत बसलो.
"बरोबर आहे म्हणा," शालन म्हणाली,
"पण वरचा कर मी भरणार."
आणि पदराच्या आतून पाकीट काढून
तीन हजार नऊशे मोजले,
शेवटची शंभराची नोट दोनदा.
बिल भरायला आलेली माणसं मोजतात तशी नव्हे.
गिऱ्हाइकाला सुटे परत देतात तशी.

खाली एक ओळ असते.
वरील तपशील माझ्या माहितीप्रमाणे खरा व पूर्ण आहे.
खरा ठीक आहे.
पूर्णवर मी थांबलो, शालनकडे पाहिलं.
ती भिंतीवरच्या कॅलेंडरातली चतुर्थी शोधत होती.
अजून काही आहे का, विचारावंसं वाटलं.
नाही विचारलं.

फोनवर सहा आकडे आले.
काका, सांगा.
आणि मी सवयीने,
खड्ड्यातून वर उभ्या हेल्परला सांगावं तसे,
एकेक अंक सुटा करून, मोठ्याने वाचले.
खाली फरसाणवाल्यानेही ऐकले असणार.