पंधरा सेंटिमीटर

उन्हाळ्यात मी पूल उचलते.
खालून बोटी जातात, माणसं टोप्या हलवतात,
काठीला दोरीनं बांधलेला लाकडी बूट मी खाली सोडते,
ते त्यात दोन युरो टाकतात.
तेव्हाही माझं लक्ष पाण्याकडेच.
इथून डावीकडे चर्च, मग वळण, मग पुढचं गाव,
अशी अकरा गावं, दोनशे किलोमीटर,
कालव्यात ओवलेली.
बर्फ पंधरा सेंटिमीटर झाला
तरच कुणी म्हणणार: निघा.

शेवटचं म्हणाले तेव्हा मी चोवीस वर्षांची होते
आणि पोटुशी.
नवऱ्यानं माझे स्केट्स त्याच्या आईकडे लपवले.

तेव्हापासून आम्ही देव पाण्यात घालून बसलोय
आणि पाणी गोठत नाही.

सराव मात्र चालू.
शूर्ड पोस्टमन आहे, पत्रं वाटतो तीही गुडघे वाकवून.
चित्स्के फळ्यावर लिहिते एका पायावर उभी राहून,
मुलं आता हसत नाहीत.
वीब्रेनच्या गोठ्यात एक गुळगुळीत फळी टाकलीय,
लोकरी मोजे घालून तिच्यावर
डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे,
तास तास घसरत राहायचं.
गाई विकून सहा वर्षं झाली, वास अजून आहे.
ऑगस्टात समुद्राच्या बांधावरून, चाकांवर,
तोंडावर वारा, वाटेत आडव्या मेंढ्या.
त्यांना आमची घाई कळत नाही.
खरं तर आम्हालाही.

बाबांचं कार्ड बिस्किटांच्या डब्यात आहे.
त्रेसष्ट साल. सात शिक्के, पुढे कोरं.
पायाची करंगळी आठव्या गावाच्या अलीकडे राहिली,
हे ते असं सांगायचे
जणू कुठे छत्री विसरली.

जानेवारीत एका व्हॅनमध्ये चौघं,
हजार किलोमीटर, ऑस्ट्रियातल्या डोंगरात,
कारण तिथल्या तळ्यावर बर्फ होतो.
तिथे गावं नाहीत. साडेबारा किलोमीटरची एक फेरी,
ती सोळा वेळा.
घाण्याच्या बैलाला निदान तेलाचा वास तरी येतो.

पहाटे सहा. कपाळावर दिवे, गालांवर व्हॅसलीन.
पहिल्या तीन फेऱ्यांत कुणी बोललं नाही,
फक्त पात्यांचा आवाज,
लांबलचक कापडातून कात्री जावी तसा.
पाचवीत चित्स्केचं पातं भेगेत अडकलं.
उठली, ओठ फुटलेला,
हातानंच मला म्हणाली, तू हो पुढे.
मी झाले पुढे. ते अजून टोचतं.

फेऱ्यांना मी आमच्या गावांची नावं दिली होती.
आठवी आली तेव्हा बुटातल्या बुटात
बोटं हलवून पाहिली: पाच आणि पाच.
नववीपासून मांड्या माझ्या नव्हत्या,
दहावीत कुणीतरी कोमट चहा हातात दिला,
अर्धा बाहीत गेला.
अकरावी झाली, गावं संपली,
बाराव्या फेरीला नाव नव्हतं.

आणि ऊन पडलं.
बर्फावर पाणी, आधी चकाकी, मग घोट्यापर्यंत,
प्रत्येक ढकलीला निम्मा जोर पाण्यालाच जायचा.
वळणावर नारिंगी जाकिटातला एक मुलगा,
माझ्या मुलाच्या वयाचा, हातात लाल झेंडा.
"संपलं. बर्फ मऊ पडलाय."
मावशी नाही म्हणाला,
पण सूर तोच होता.

तंबूत वाटाण्याचं सूप.
शूर्डच्या चौदा झाल्या होत्या,
हे त्यानं तीनदा सांगितलं.
परतताना रात्रभर कुणी काही बोललं नाही,
फक्त सरहद्दीजवळ वीब्रेन म्हणाला,
पाती बदलायला हवीत.

फेब्रुवारी, मंगळवार. रात्री उणे सहा.
पुलाखाली मी एक खडा टाकला,
तो चिवचिवत पार पलीकडे गेला.
गिरमिट फिरवलं, पट्टी घातली.
साडेतीन.
वहीत तारीख घालून लिहिलं.
आतून नवऱ्यानं विचारलं, किती?
मी ऐकलं नाहीसं केलं.

एक बदक काठावरून उतरलं
आणि चालत निघालं, मध्यावरून,
जपून,
दोनदा घसरत.