थर्माकोलचं कुंड

जंगलात आता जपान्यांचं देऊळ नाही.
युद्ध हरल्यावर त्यांनीच जाळलं, जाता जाता.
उरलंय एक ग्रॅनाइटचं कुंड,
त्यात कुजकी पानं, डासांची अंडी.
सिओक एंग टेपने मोजत होती
तेवढ्यात माकड आलं,
न वाकता पाणी पिऊन गेलं.

सिंगापुरातल्या आमच्या बारक्या नाट्यगृहात
कुंड थर्माकोलचं.
कैदी झालेला फरीद्झ
एका बोटावर पेलेल ते खांद्यावर घेतो,
आणि घाम मात्र खरा.

शेवटच्या प्रयोगानंतर
तिसऱ्या रांगेतल्या मादाम तेओह
काठी टेकत वर आल्या.
म्हणाल्या, बाबांचा उजवा खांदा खचलेला होता.
तुमचा मुलगा डाव्यावर घेतो.

मग वाकल्या.
कुंडापुढे नव्हे;
चपलेचा पट्टा
सुटला होता.