हातचे बारा

काकाचं दुकान टॉम्बिग्बीच्या काठावर,
ओंडक्यांचं, नदीकडे जरा कललेलं.
भिंतीवर जुन्या पुराची रेघ होती.
तिच्या वर मीठ, दारू, सुया,
तिच्या खाली कातडी, वासासकट.
मी चौदाचा. अक्षर वळणदार,
म्हणून वही माझ्याकडे.

एका कातड्याची एक उभी रेघ,
पाचवी आडवी.
ब्लँकेट आठ रेघा. पितळी पातेलं सहा.
बंदुकीची दारू उधार, शिकार झाली की फेड.
शिकार मात्र दर वर्षी जरा लांब सरकायची.
चोक्टॉ माणसं तीन दिवस चालून यायची,
पाठीवर हरणांची चवड,
आणि काका एखादं कातडं उजेडाला धरून म्हणायचा,
किडीचं भोक आहे, अर्धंच धर.

आमच्यांत नि त्यांच्यांत एक बाजारबोली होती,
ना त्यांची, ना आमची.
तिच्यात दे, घे, वाईट, उद्या.
फसवलंस याला तिच्यात शब्द नसावा.
किंवा असेल,
मला कुणी शिकवला नाही.

होपाकिटबीच्या नावावर एकतीस रेघा होत्या.
एका रात्री काकाने मेणबत्ती जवळ ओढली,
म्हणाला, सायलस, बारा अजून घाल.
कशाच्या, असं मी विचारलं.
वाट पाहण्याच्या, म्हणाला.
मी घातल्या. सुबक घातल्या,
शाईसुद्धा तीच, कळू नये अशी.

मग त्याची बहीण आली, इलाहोके.
वेताची टोपली, आत एक, बाहेर एक,
दोन्ही एकाच विणीत, पाणीसुद्धा धरेल अशी.
टोपलीची किंमत: तिच्यात मावेल तेवढं मीठ.
काकाने मीठ ओतताना हात आखडला,
तिने टोपली काउंटरवर एकदा आपटली.
मीठ खाली बसलं. काकाने आणखी ओतलं.
तिने पुन्हा आपटली.
मला हसू आलं, ते मी गिळलं,
कारण तेवढ्यात मला टोपलीची बाजू दिसली.

तांबड्यावर काळ्या रेघा,
अक्रोडाच्या सालीत रंगवलेल्या.
चार उभ्या, एक आडवी.
चार उभ्या, एक आडवी.
मी मोजत गेलो, टोपलीला वळसा घालून,
सहा जुड्या आणि वर एकटी एक.
त्यापुढे कोरा वेत.

तिने मीठ चामड्याच्या पिशवीत ओतून घेतलं,
रिकामी टोपली माझ्यापुढे सरकवली,
काकापुढे नाही.
वहीकडे बोट केलं.
आचाफा, टुक्लो, टुच्चीना, हळूहळू म्हणाली,
लहान मुलाला शिकवावं तसं,
आणि थांबली.
पुढचं मी म्हणायचं होतं.
काका सुया मोजत होता.
मी म्हणालो नाही.

दोन वर्षांनी टेबल मांडलं गेलं, खुर्च्या आल्या,
निळ्या कोटातली माणसं आली.
आमची वही उघडली, शेजारच्या दुकानांच्याही.
गावागावाची उधारी एकाखाली एक,
आणि बेरजेच्या जागी आकडा नव्हता,
जंगल होतं, दोन ओढे होते,
इलाहोके वेत तोडायची ते बेट होतं.
काकाचे पैसे चुकते झाले. नवं छप्पर आलं.
त्या बेटावर पुढच्या वर्षी कापूस होता.
होपाकिटबी पुन्हा दिसला नाही, किंवा दिसला असेल,
मी वर पाहायचं सोडलं होतं.

पुढे मी शाळामास्तर झालो.
चाळीस वर्षं पोरांना बेरीज शिकवली.
पाटीवर हातचा लिहिताना
माझ्या बोटाला अजून ती शाई लागते,
पोरं म्हणतात, मास्तर, थांबलात का?

टोपली माझ्याकडेच आहे. काकाने ती
मिठाच्या हिशेबात कधी धरलीच नाही.
सून तिच्यात बटणं ठेवते.
दोन भिंतींच्या मधे मीठ अडकलंय,
कितीही झटका, निघत नाही,
आणि हवा दमट झाली की बाहेरून पाझरतं,
काळ्या रेघांवरून, थेंब थेंब.
सून खाली बशी ठेवते.
मी बशी ओततो,
कधी भरते ते सांगत नाही.