अडसर

कॉकेशसच्या उतारावर आमचा मठ:
बारा जणी, एक गाय,
आणि दाराला अक्रोडाच्या लाकडाचा अडसर.
तो काढायचा, घालायचा, एवढंच माझं काम.

"आतही एक दार असतं,"
सिदोनिया आई पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
मेणबत्तीची काजळी खुडता खुडता.
"येईल त्याला नाव विचार, गाव विचार,
मगच पाट दे."

तेव्हापासून विचारते.
मध्यरात्री, जपाची गाठ बोटांत असताना
येतंच कुणीतरी:
त्सिउरीनं बळकावलेली बाबांची द्राक्षबाग,
वाटणीच्या दिवशीचं तिचं हसू.
नाव? राग.
गाव? माझंच.
प्रभू येशू, दया कर.
जातो.
मग अंगरखा बदलून परत येतो:
"सख्ख्या बहिणीला माफ केलंस! केवढं मन तुझं!"
याला मात्र मी
कितीदा तरी चहा पाजलाय.

काल बर्फ पडत होतं. थाप आली.
मी जप वाढवला, जागची हलले नाही.
पुन्हा थाप.
मग दारापलीकडे खोकला.

विचारांना खोकला येत नाही.

अडसर काढला. त्सिउरी.
पापण्यांवर बर्फ, शालीखाली मातीचं मडकं.
"तुझ्या वाट्याची वाईन," म्हणाली,
आणि दात वाजायला लागले तिचे.

तिच्या पाठोपाठ एक जण घुसू बघत होता:
चार वर्षं लागली हिला?
त्याला ओळखलं. उंबऱ्याबाहेरच ठेवला.

तिला नाव विचारलं नाही.
चूल पेटवली.

अडसर रात्रभर भिंतीला टेकून होता.
सिदोनिया आईंनी येता-जाता पाहिला,
बोलल्या काहीच नाहीत.