सामान्यज्ञान, खोली क्रमांक सतरा

शारजा शहर संपून गोदामं सुरू होतात
त्या भागाचं नाव सजा.
पत्ता सांगितला तेव्हा आई फोनवर थांबली, मग म्हणाली,
दुसरं नाव नाही का रे मिळालं त्यांना?

शुक्रवारी रात्री, कपडे वाळत घालून झाले
की दिलावर सारंग वरच्या बंकवर मांडी घालतो.
हर्णैचा. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा दोनदा दिली,
दुसऱ्यांदा चार गुणांनी हुकली.
येताना बॅगेत एकच पुस्तक, दोन हजार नऊचं,
मुखपृष्ठ गेलेलं, पाठीला एसीच्या डक्टची चंदेरी पट्टी.
पणाला दहा दिरहमचं रिचार्ज.

ऑक्टोपसला हृदयं किती?
तीन! अख्खी खोली ओरडते.
गेल्या शुक्रवारीही हेच विचारलं होतंस, लेका.

उंटाच्या मदारीत काय असतं?
पाणी, म्हणतो छपऱ्याचा रामबिलास, पैजेवर.
चरबी.
रामबिलास मानत नाही. रस्त्यापलीकडे उंट उभे असतात,
तो रोज बघतो त्यांना, पुस्तकानं कधी बघितलेत?

शुक्रावरचा एक दिवस
तिथल्या एका वर्षाहून मोठा असतो.
हे ऐकून सिल्हेटचा इशाक उठून बसला.
शुक्रावर ना? शुक्रवारी नाही ना?
मग सोडून दे.

जगातली सर्वांत उंच इमारत?
दिलावर वाचतो : तैपेई १०१.
खालच्या बंकवरून टेकबहादूर हसतो,
काही बोलत नाही, मनगट वर धरतो.
तिथे एक भाजल्याचा डाग आहे,
शंभराच्याही वरच्या मजल्यावरचा.
पुस्तक छापलं तेव्हा ती इमारत उघडायची होती.
दिलावर पेन्सिलीनं दुरुस्ती करतो
आणि अर्धा गुण टेकबहादूरला देतो.
अर्धा का, असं कुणी विचारत नाही.

भारतात राज्यं किती? अठ्ठावीस.
गंमत म्हणजे मध्ये पाच वर्षं हे उत्तर चुकलेलं होतं.
पुस्तक जागचं हललं नाही,
देशच एक राज्य पुढे जाऊन परत आला.
दिलावरला हे पान फार आवडतं.
म्हणतो, थांबलं की कधीकधी माणूसही बरोबर ठरतो.
चार गुणांचा विषय तेव्हा कुणी काढत नाही.

माझा आकडाही अठ्ठावीसच.
मी काँक्रीटच्या लॅबमध्ये. ठोकळे पाण्यात ठेवायचे,
काही सात दिवसांनी फोडायचे, काही अठ्ठावीस दिवसांनी,
आणि फुटताना किती भार सोसला ते लिहायचं.
म्हणून काल मी विचारलं, पुस्तकाबाहेरचं :
या वाळवंटात बांधकामाची वाळू कुठून येते?

हशा. रामबिलासनं खिडकी उघडून दाखवली.
बाहेर वाळू, दिव्याखाली वाळू,
चपलांत, चहाच्या तळाशी, कानात.

म्हटलं, ती चालत नाही.
वाऱ्यानं लोळवून लोळवून तिचे कोने गेलेत,
कण कणाला धरत नाही, घसरतो.
धरायला कोना लागतो.
डोंगर फोडून करतात, नाहीतर दूरदेशाहून जहाजानं आणतात.

दिलावर पहिल्यांदाच गप्प.
त्याचे चुलते खाडीत वाळू काढायचे,
बुडी मारून, बादलीनं,
आणि त्यांच्या तळहाताला ती ओरखडे काढायची.
हे त्यानं मला नंतर सांगितलं, ब्रश करताना,
तोंडात फेस असताना, म्हणून नीट कळलं नाही.

इशाक म्हणाला, म्हणजे वाळूलाही व्हिसा लागतो?
मला उत्तर येईना.

दिलावरनं शेवटच्या कोऱ्या पानावर
प्रश्न लिहून घेतला. समोर उत्तराची जागा सोडली,
कारण म्हणे, मी सांगितलं ते एका ओळीत बसत नाही.
रिचार्ज कुणालाच नाही.
पुढच्या शुक्रवारी वीस दिरहम,
आणि ऑक्टोपस बाद.