एक्केचाळीस घरं

बाजाराच्या दिवशी नंदगडच्या आयटीआयात पोरं येत नाहीत,
म्हणून आजच बसलोय.
हिरेमठ सरांची यादी कन्नडात. मी ती बारक्या इंग्रजीत उतरवतो:
सातेरी, यल्लव्वा, भरमाणी, दोन मोनाप्पा.
दुसऱ्याला आकडा लावावा लागला.
कसं सांगायचं त्याला, बाबा, तू दोन नंबरचा.

कमांड एकच. एंटर मारला की घर उभं.
पाया नाही, नारळ नाही, पंचायतीचा उतारा नाही.
सगळ्यांचं सामान एकाच सांगाड्यातून येतं:
एक प्रोफाइल, एक शेलची फाइल,
नावाआधी टिंब, म्हणून दिसत नाहीत.
यादी मागितली तर घर रिकामं.
टिंबासकट मागावी लागते.

मी तरी कुठं एका यादीत मावतो?
रेशन कार्डावर परशराम, उताऱ्यावर परसप्पा,
बहीण चंदगडला दिली, तिकडं परसूदादा.

मग दारं. सातशे.
मालकाला सगळं, शेजाऱ्याला शून्य, गावाला शून्य.
गेल्या साली हे राहून गेलं,
आणि कुणीतरी रेश्मा मुल्लाचं प्रॅक्टिकल उचललं.
मार्क मिळाले होते तिला. तरी रडत आली,
"माझ्या घरात शिरला म्हणजे काय, सर?"

रूट म्हणून मला सगळी दारं उघडी.
मी जात नाही.
एकदा गेलो होतो. ते सांगत नाही.

शेवटी राहिली भाषेची ओळ.
सांगाड्यात जे घालीन ते एक्केचाळीस घरांत जाणार.
मराठी घातली. खोडली. कन्नड घातली.
चहा पिऊन आलो.
ओळ रिकामी सोडली, वर टीप टाकली: हे तुझं तू भर.
तीही दोनदा लिहावी लागली,
आणि कुठली वर, कुठली खाली, यात आणखी पाच मिनिटं.

दुसऱ्या दिवशी मोनाप्पा-दोन पहिल्यांदा आत गेला,
टीप वाचली, माझ्याकडं बघितलं,
आणि प्रोफाइलमध्ये त्यानं भलतंच लिहिलं.
आता तो लॉगिन झाला की घरच विचारतं,
कोण गा?

त्यानं टाइप केलं: मीच.
अशी कमांड सापडत नाही, म्हणाला शेल.
पोरं खिदळली.
लोंढ्याची गाडी सुटायची वेळ झाली तरी
तो उठेना. ती कमांड बनवत बसला होता.